एक्केचाळीस सेकंद

धरणगाव, ता. ९ फेब्रुवारी २०२५

हसीना,

नमस्कार-सलाम मागाहून. आधी भांडण.

मी प्रमिला. पमी. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात तुमच्या भिंतीला आमची भिंत होती. लोकोशेडमधल्या सुकदेव फिटरची पोरगी आणि बॉक्सर नवलची धाकटी बहीण. आता ओळखलंस ना? मग चष्मा पुसून पुढचं वाच. माझं अक्षर चौथीत होतं तिथंच राहिलं, राग मात्र पुष्कळ शिकला.

झालं असं. परवा मी गच्चीवर उन्हात बिबडे-पापड घालत होते. यंदा ज्वारी चांगली निघाली, पीठ असं चिकट झालं की हाताला सोडेना. तेवढ्यात नातसून पुनम मोबाईल घेऊन वर आली. "आजी, तुमच्या भावाचा पिक्चर आला!" मला इतका आनंद झाला, मी तशीच पिठाच्या हातानं मोबाईल धरला. पुनम ओरडली, ओरडू दे. नवलला जाऊन बावीस वर्षं झाली. फोटोत सुद्धा तो नेमका मान वळवून बसलेला असायचा. आज तो हलताना दिसणार होता.

आणि काय दिसलं? काळं-पांढरं, आवाज नाही, तोंडं भुरकट. उजवा हात पुढे धरलेला एक डावखुरा मागे मागे सरकतो, हात खाली सोडतो, कानशिलात ठोसा खातो आणि गुडघ्यावर येतो. संपलं. एक्केचाळीस सेकंद. खाली लिहिलेलं, "डावखुरा नवल मुख्तारसमोर गुडघ्यावर, भुसावळ १९६८." त्याखाली आजकालच्या पोरांची बडबड. एक म्हणतो, हे जुने लोक उगाच मोठे केलेले. दुसरा म्हणतो, आमच्या क्लबातली मुलगीसुद्धा याला लोळवेल.

माझ्या भावाच्या एकतीस लढती. इगतपुरीपासून जबलपूरपर्यंत. तीस कोणी टिपल्या नाहीत. एकतिसाव्या लढतीचा एवढासा तुकडा कुठल्याशा मेलेल्या गार्डाच्या पेटीत सापडला, आणि त्यावर माणूस तोलायचा?

तो भूषण माहीत आहे ना? जळगावला नवा बॉक्सिंग हॉल बांधला, त्याच्या समितीचा सेक्रेटरी. खेळाचा मास्तर आहे. त्याला फोन केला. म्हणतो, "आजी, हॉलला नवलभाऊ नाहीतर मुख्तारभाई, दोघांतलं एक नाव द्यायचं होतं. कागद वाळवीनं खाल्ले. त्या लढतीचा कप तुमच्याकडे आहे, पण त्यावर नाव कोरलेलं नाही. मग जे दिसतं तोच पुरावा." म्हणजे तुझ्या नवऱ्याचं नाव लागणार.

मुख्तारभाईंबद्दल मी वाकडं बोलत नाही. पण ती लढत नवल जिंकला होता. तू माझ्या शेजारी बाकावर बसली होतीस. तुझा पत्ता भूषणकडून मुद्दाम घेतला आहे. समितीला दोन ओळी लिही, खरं काय ते.

उत्तर लगेच पाहिजे.

पमी

———

धुळे, २१ फेब्रुवारी २०२५

प्रमिला,

तुझं पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, दादी, हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, ज्याला भांडायचं असतं तो.

चाळीस वर्षं तुझा एक कागद नाही. मुख्तारचा इंतकाल झाला तेव्हा भुसावळहून सहा जण आले होते, तुझ्या घरचं कोणी नव्हतं. आता हॉलला नाव लागायची वेळ आली तर तुला माझा पत्ता सापडला. वा गं वा.

तू म्हणतेस लिहून दे. मी काय लिहू? माझ्याकडे भूषण मास्तर आला, मोबाईल दाखवला, विचारलं, "दादी, यातले मुख्तारचाचा कुठले?" मी म्हटलं, तुम्हीच शिकलेले आहात, तुम्हीच ओळखा. त्यांनी ओळखलं. मी त्यांना नाही म्हणाले नाही, हो पण म्हणाले नाही.

माझ्या माणसाला आयुष्यात कोणी हार घातला नाही. कापडाच्या लूमवर उभा राहून राहून त्याचे पाय सुजायचे. शेजारच्या लोकांना माहीतसुद्धा नव्हतं की हा बॉक्सिंग खेळायचा. आता माझी नात माहेनूर कॉलेजात सांगते की हॉलला माझ्या दादांचं नाव येतंय, तर तुझ्या पोटात का दुखतं?

नवलभाऊ तुझ्यासाठी मोठा. असू दे. त्याला नोकरी पुरली, पेन्शन पुरली, भुसावळात मान पुरला. एक हॉल आम्हाला मिळाला तर तुमचं काय जातं?

आणि मी तुझ्या शेजारी बसले होते, हे तू मला सांगू नकोस. मला सगळं आठवतं. तुला किती आठवतं ते तू बघ.

हसीनाबी

———

धरणगाव, ४ मार्च २०२५

हसीना, हसीना, हसीना!

आज मी इतकी खूश आहे की पुनमला न मागता शिरा करून घातला. सांगते का ते. तू घट्ट बसून वाच.

तुझं पत्र वाचून माझं डोकं तापलं होतं. मुख्तारभाईंच्या वेळी आले नाही, ते चुकलं, मान्य. तेव्हा माझ्या मालकांचं ऑपरेशन होतं, पण ते निमित्त सांगत नाही, चुकलं ते चुकलं. बाकी तू जे टोचून लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं, आणि रागारागात तो पिक्चर पुन्हा बघायला बसले. पुनमनं शिकवलं, बोटानं ओढलं की तो हळूहळू चालतो. काय मजा आहे गं त्यात! ठोसा असा निघतो जशी काकडीची वेल वाढतेय. पन्नास वेळा तरी बघितला असेल.

मग मी रिंगवरची नजर काढली आणि मागच्या बाकांवर नेली. दुसऱ्या बाकावर दोन बायका. एक मी. दुसरी तू! माझी लग्नानंतरची पहिली दिवाळी, तुझा निकाह होऊन वर्ष झालेलं. दोघींना नवलनंच पास आणून दिले होते. ती माझी जाड काठाची साडी, मी पैजेवर सांगते. पण पदर? पदर उजव्या खांद्यावर!

भूषणला फोन केला. तो म्हणतो, "हो आजी, आम्ही पण बघितलं. रेल्वेत गुजराती कुटुंबं पुष्कळ होती, त्या बाया असतील." अरे मास्तर! आपल्या खान्देशात गुजराती पदर बघून बघून सगळ्यांचे डोळे मरून गेलेत, उजवा खांदा दिसला की गुजराती. गुजरातिणीचा पदर मागून येतो आणि पुढे छातीवर उघडतो. या दोघींचा पदर पुढून जाऊन पाठीवर पडलाय. असा पदर जगातली कुठली बाई घेते? कुठलीच नाही! आरशातली बाई घेते!

हसीना, फिल्म उलटी आहे. स्टुडिओवाल्यानं पट्टी पालथी घालून मोबाईलवर आणली. डावं ते उजवं झालं, उजवं ते डावं. म्हणजे तो उजवा हात पुढे धरणारा डावखुरा दिसतो ना, तो डावखुरा नाहीच. तो तुझा मुख्तार. आणि ठोसा मारणारा नवल!

हे भूषणला सांगितलं, त्याला पटायला दोन दिवस लागले. मग फिल्म सरळ करून पाठवली आणि फोनवर रडवेला. "आजी, आम्ही सात जण, त्यात दोन डॉक्टरेट. कोणाच्या लक्षात आलं नाही." मी म्हटलं, तुमच्यात साडी कोण नेसतं?

आता नाव नवलचं लागणार. समितीनं ठराव फिरवला.

तुला वाईट वाटेल, वाटू दे. मला पंचवीस दिवस वाईट वाटत होतं. मना भाऊ हरेल नव्हता, एवढंच मला म्हणायचं होतं. आता बोल!

पमी

———

धुळे, १३ मार्च २०२५

प्रमिला,

शिरा पचला असेल तर वाच.

फिल्म उलटी आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. मला पदर बघावा लागला नाही. माझा माणूस कसा पडतो ते मला माहीत आहे. तो गुडघ्यावर येतो तेव्हा आधी डोळ्यावर हात नेतो, खाली टेकवत नाही. भूषण मास्तर माझ्या घरी खुर्चीवर बसून म्हणत होता, "बघा दादी, चाचा कसे तुटून पडतात," आणि मी चहा देत होते. मी बोलले नाही. एवढं खोटं मी केलं. का केलं ते ऐक.

आता फिल्म सरळ झाली ना? मग तुझं बोट लावून पुन्हा हळूहळू बघ. मुख्तारचे हात खाली का आहेत? दुसऱ्या फेरीच्या शेवटी एवढा दमला होता का? तो तर कोपऱ्याकडे निघाला होता. त्याचा पाय बघ, कुठे वळलाय. आणि मागे आपल्या दोघींना बघ. आपण रिंगकडे बघतोय का? तू फुटाण्याची पुडी उघडतेस आणि मी हात पुढे केलाय. माझा नवरा रिंगमध्ये मार खात असताना मी फुटाणे मागीन का गं?

फेरी संपली होती. घंटा झाली होती. अभिमनबाबूनं रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारली, ती तू ऐकलीस, मी ऐकली, म्हणून आपण फुटाण्याकडे वळलो. त्यानंतर तुझ्या भावानं मारलं. पंच खाली उतरायला वळला होता, त्यानं बघितलं नाही.

फिल्ममध्ये आवाज नाही ना. म्हणून घंटा पण नाही.

तिसऱ्या फेरीला मुख्तार उठला नाही. डावा डोळा आतून फाटला होता. फायरमनच्या जागेसाठी त्याचं नाव निघालं होतं, पुढे ड्रायव्हर झाला असता. डोळ्याच्या मेडिकलमध्ये नापास केला. मग आम्ही धुळ्याला आलो, लूमवर. एका डोळ्यानं तुटलेला धागा शोधायचा म्हणजे काय ते तू करून बघ.

मी त्याला म्हणायचे, चला, तक्रार करू. तो म्हणायचा, "नवलला घंटा ऐकू आली नसेल. जाऊ दे." मरेपर्यंत तेच म्हणाला. म्हणून मी गप्प बसले. अल्लानं माझ्यासाठी फिल्म उलटी केली असं मला वाटलं. तू ती सरळ केलीस.

लाव तुझ्या भावाचं नाव.

हसीनाबी

———

धरणगाव, १९ मार्च २०२५

हसीना,

हे बरं आहे. फिल्म तुझ्या बाजूनं होती तोवर फिल्म खरी. आता माझ्या बाजूनं झाली तर घंटा निघाली.

मला घंटा आठवत नाही. सत्तावन्न वर्षं झाली. त्या हॉलमध्ये केवढा गोंगाट होता, बाहेर यार्डात इंजिनं शंटिंग करत होती, अख्खं भुसावळ ओरडत होतं. त्यात टण्ण झालं का नाही, कोण सांगणार? आणि फुटाण्याची पुडी उघडायला घंटा लागते का? मला भूक लागली असेल. मी तेव्हा पोटुशी होते, मला सारखी भूक लागायची.

नवल असा नव्हता. माझ्या लग्नात वरातीत कोणी बँडवाल्याला ढकललं तर त्यानं मध्ये पडून सोडवलं. बोदवड स्टेशनवर एकदा एक दारुडा त्याच्या तोंडावर थुंकला, तरी त्यानं हात उचलला नाही. म्हणायचा, माझा हात फक्त दोऱ्यांच्या आत चालतो. असा माणूस घंटा झाल्यावर मारेल?

मुख्तारभाईंचा डोळा गेला, त्याचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तुम्ही धुळ्याला बदली घेऊन गेलात असंच आमच्या घरी सांगितलं होतं.

एवढंच. तू उगाच मेलेल्या माणसावर चिखल टाकू नकोस. हॉलला नाव लागणार. पेंटर येऊन अक्षरांचा नमुना दाखवून गेला. छान आहे. निळी अक्षरं.

प्रमिला

———

धरणगाव, २७ एप्रिल २०२५

हसीना,

तू उत्तर दिलं नाहीस. पाच आठवडे झाले. रोज पोस्टमनला विचारते, तो आता मला बघून रस्ता बदलतो.

म्हणून मीच लिहिते. रागावलेली आहे, पण या वेळी कोणावर ते नीट कळत नाही. सगळ्यांवरच.

गेल्या आठवड्यात भूषण घरी आला. सोबत उभा करायचा दिवा, कॅमेरा. म्हणाला, "आजी, हॉलमध्ये एक टी.व्ही. लावणार. त्यावर फिल्म चालणार आणि तुम्ही लढतीचं वर्णन करणार. प्रत्यक्ष बघितलेलं माणूस दुसरं कोण आहे?" मी म्हटलं, आहे की, धुळ्याला. तो म्हणाला, "त्यांच्याकडे पण गेलो होतो. त्यांनी दार लावून घेतलं."

मी नवी साडी नेसले. पुनमनं पावडर लावली. मला बोलायला सांगितलं आणि तू मला ओळखतेस, मी बोलायला लागले की थांबत नाही. क्वार्टरापासून सुरुवात केली. आई कशी नवलला कच्ची अंडी द्यायची आणि बापाला कळू द्यायची नाही. तुझी सासू कशी म्हणायची, पोराचं नाक मोडलं तर निकाह कोण करेल. मग पास, मग हॉल, मग बाक. मग पहिली फेरी. मग दुसरी फेरी. भूषण मान हलवतोय, फार छान, फार छान. आणि मी म्हणाले, "मग अभिमनबाबूनं घंटा मारली, आम्ही फुटाण्याची पुडी उघडली, आणि तेवढ्यात नवलनं..."



मी ठरवून नाही गं बोलले. सगळं ओळीनं सांगत गेले आणि ती घंटा तिच्या जागेवर होतीच. मी ती काढून ठेवली होती, पण जागा काही भरली नव्हती.

भूषण दिवा बंद करून म्हणाला, "काही हरकत नाही आजी. तेवढं कापून टाकू. ठोशापासून पुन्हा सांगा."

मी म्हटलं, "कापायचं नाही."

"आजी, निवड तुमच्या भावाची झालीय. पेंटरला अर्धे पैसे दिलेत."

"पेंटरला सांग थांब."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

मला काय कळत नव्हतं? गेला महिनाभर मी झोपेतसुद्धा ती निळी अक्षरं बघत होते. नवलला मूल नाही, बाळ नाही. मी गेले की त्याचं नाव घेणारं माणूस नाही. मला ते नाव पाहिजे होतं. अजून पाहिजे आहे. तुला काय वाटलं, मी देवबाई झाले? मी पुनमवर ओरडले, भूषणवर ओरडले, नवलच्या फोटोवर ओरडले. तुझ्यावर पण. सत्तावन्न वर्षांपूर्वी तू भिंतीवरून हाक मारून हे सांगितलं असतंस तर मी जिवंतपणी त्याला केरसुणीनं बडवला असता! आता फोटोला काय बडवू?

कपावर नाव का नव्हतं तेही आता कळलं. मी दहा वेळा म्हटलं, भाऊ, बाजारात जा, कोरून आण. तो म्हणायचा, उद्या.

भूषणनं जाऊन समितीत सांगितलं आहे. पुढचं मला माहीत नाही. मुख्तारभाईंचं नाव लागेल असं वाटतं. लागू दे.

पमी

———

धुळे, ८ मे २०२५

पागल बाई!

तुला कोणी सांगितलं होतं बोलायला? मी तुला टोचून लिहिलं, ते तुला टोचावं म्हणून. तू जाऊन सगळ्या समितीसमोर वाजवावंस म्हणून नाही!

पेपर बघितलास का? नसशील बघितला, म्हणून कात्रण सोबत ठेवते. समितीनं म्हटलंय, "दोन्ही दिवंगत खेळाडूंबाबत मतभेद असल्याने वाद टाळण्यासाठी" हॉलला कै. प्रेमराज यांचं नाव. प्रेमराज कोण? देणगी देणारे भाईदास शेठ, जिनिंगवाले, त्यांचे वडील. मी माहेनूरला विचारलं, हा बॉक्सर होता का? ती हसत बसली. म्हणाली, दादी, हे गाठी मोजायचे.

आता बघ! नवलभाऊचं नाव लागलं असतं तर मी रोज शिव्या दिल्या असत्या, पण निदान ज्यानं हातात ग्लोव्ह घातला त्याचं लागलं असतं. आपल्यातल्या एकाचं तरी लागलं असतं! तू खरं बोललीस आणि कापसाच्या गाठी जिंकल्या.

मी भूषण मास्तरला फोन केला. इतकी रागावले की शेजारीण पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी म्हटलं, तुम्हाला फिल्म उलटी असली तरी चालते, सरळ असली तरी चालते, आणि दोन म्हाताऱ्या खरं सांगतात तेव्हा तुम्हाला वाद वाटतो? तो म्हणतो, "दादी, माझ्या हातात नव्हतं, मी हात वर केला होता विरोधात." वर केला म्हणे. एकटाच.

आणि एक सांगते. रडले मी. तुझं पत्र वाचून. घंटा होती, हे मुख्तार आणि मी सोडून कोणी कधी बोललं नाही. तो गेल्यावर मला वाटायला लागलं की मीच काहीतरी बनवून ठेवलंय. आता नाही वाटत.

पण नवलभाऊला ऐकू आली होती का? मुख्तार जे म्हणायचा ते खरं होतं का? एवढं तू सांग. तू त्याची बहीण. आता लपवायला राहिलं काय?

हसीना

———

धरणगाव, १४ मे २०२५

हसीना,

कात्रण वाचलं. फाडणार होते, मग त्याच्यावर वडे निथळायला ठेवले. प्रेमराज शेठ तेलकट झाले.

उद्घाटन चोवीस तारखेला आहे. मी एस.टी.नं आदल्या दिवशी तुझ्याकडे येते. तिथून दोघी जळगावला जाऊ. आमंत्रण नाही, मग काय झालं? पुढच्या खुर्च्यांवर बसायचं. भाईदास शेठ भाषण करतील की वडिलांना खेळाची फार आवड होती, तेव्हा मी उभी राहून विचारणार, कुठला हात पुढे धरायचे ते? भूषण आता माझा फोन उचलत नाही. उचलू नको म्हणावं, मी तोंडावर येते. मला फार दिवसांनी इतकं बरं वाटतंय. भांडायला जायचं म्हटलं की माझे गुडघे दुखत नाहीत.

येताना बिबडे आणते. तुला दात आहेत का?

आता तू विचारलंस ते. बसून लिहिते, कारण तोंडानं सांगितलं तर मी इकडे तिकडे जाईन.

नवलला घंटा ऐकू आली होती. त्यानं मला कधी सांगितलं नाही, पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. घंटा झाली तेव्हा त्याची नजर अभिमनबाबूकडे गेली. मग परत मुख्तारभाईंकडे आली. मग त्यानं मारलं. फिल्ममध्ये तोंडं भुरकट आहेत, म्हणून हे दिसत नाही. मी बघितलं आणि पुडी उघडायला लागले, कारण मला ते बघितलेलं नको होतं.

का मारलं, तेही सांगते. त्या गार्डानं मशीन चालू केलं दुसऱ्या फेरीच्या शेवटी. त्याच्या आधीची पाच मिनिटं कोणी टिपली नाहीत. ती मी टिपली आहेत. पहिली फेरी मुख्तारची. नवलचा डावा हात, ज्याची इगतपुरीपासून जबलपूरपर्यंत दहशत, तो मुख्तारला एकदाही नीट लागला नाही. तो वाकायचा कमरेतून, ठोसा डोक्यावरून जायचा, आणि वर येता येता तो नवलच्या बरगडीत द्यायचा. दुसऱ्या फेरीत तर नवल मार चुकवायला दोरीला टेकला होता. माझ्या पुढे बसलेले आमचे वडील खाली बघत होते. ज्यानं आधीच्या तीस लढतींत कधी कोणाला पाठ दाखवली नाही तो माझा भाऊ त्या दिवशी हरत होता. हे त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि तिसरी फेरी झाली असती तर सगळ्या भुसावळला कळलं असतं.

म्हणून लिहून देते. भुसावळच्या लोकोशेडमध्ये जे बॉक्सर झाले त्यांत मुख्तार सगळ्यांत मोठा होता. माझ्या भावापेक्षा मोठा. ज्या माणसाला हरवायला आधी घंटा व्हावी लागली, त्याचा मोठेपणा आणखी कशानं सिद्ध करायचा? हे नवलची सख्खी बहीण सांगते आहे. तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं आणि आयुष्यभर उलटं सांगितलं.

हा कागद माहेनूरला दे. जपून ठेवायला सांग. खाली पूर्ण नावानं सही केली आहे, तारीख घातली आहे. आता पुन्हा मला हे लिहायला लावू नकोस.

प्रमिलाबाई सुकदेव
१४ मे २०२५